पाळणाघराच्या खर्चाचे वाटेकरी

मूल आईबापांचे, तेव्हा त्याच्या सांभाळाचा भारही आईबापांनीच वाहावयाचा, ही समजूत आपल्या समाजात इतकी मुरलेली आहे की, त्या भारात आणखी कोणाचा वाटा असावा काय, हा प्रश्नच पुष्कळांना चमत्कारिक वाटतो. शेतावर काम करणारी स्त्री बाभळीच्या फांदीला झोळी बांधून तीत तान्हे मूल निजवीत असे, तोवर हा प्रश्न उत्पन्न होण्याचे कारणही नव्हते. तेथे कामाची जागा आणि मुलाची जागा एकच असे. पुढे गिरणी आली, कारखाना आला, कचेरी आली आणि या दोन जागांची ताटातूट झाली. आई यंत्रापाशी आणि मूल दोन कोसांवर, अशी स्थिती आली. मग दिवसाचे आठ-नऊ तास हे मूल कोणी सांभाळावयाचे, आणि जो कोणी सांभाळील त्याचा मोबदला कोणी द्यावयाचा, हा प्रश्न उभा राहिला. मुलाचे आईबाप, त्यांना कामावर ठेवणारा मालक आणि दोघांवर राज्य करणारे सरकार, असे या प्रश्नातील तीन पक्ष होत. या तिघांनी खर्च कसा वाटून घ्यावा, याचा येथे विचार करावयाचा आहे.

आरंभीच एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मुलाचा सांभाळ फुकट कधीच होत नाही. तिघांपैकी कोणीही पैसा खर्च केला नाही, तर तो खर्च नाहीसा होत नाही. तो गुपचूप दुसऱ्या कोणाच्या तरी माथी जाऊन बसतो. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास याची साक्ष देतो. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तेथील गिरणीकामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. कामावर जाण्यापूर्वी तान्ह्या मुलास अफूची गोळी देऊन निजविण्याची चाल त्या काळी चाळीचाळींतून सर्रास होती. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंचा कामकरी स्त्रियांच्या बाळंतपणाविषयीचा अहवाल १९२२ साली ‘लेबर गॅझेट’ या सरकारी मासिकात प्रसिद्ध झाला. त्यात ही चाल उघडकीस आणलेली आहे. त्या अफूची किंमत दिडकी-दोन दिडक्या असेल. परंतु मुलाच्या सांभाळाचा खरा खर्च ते मूल आपल्या प्रकृतीने भरीत होते. हिशेबाच्या वहीत तो कोठेही दिसत नव्हता, एवढेच.

हा खर्च कोणाचा, याचा मोठा खल मुंबईच्याच कायदेकौन्सिलात झाला. जुलै १९२८ मध्ये प्रसूतिसाहाय्याचे बिल चर्चेला आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्या बिलास पाठिंबा देताना जो विचार मांडला, तो आजही मननीय आहे. मातेस विश्रांती मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे. लोकांचे कल्याण जपणे हे प्रथमतः सरकारचे कर्तव्य आहे. म्हणून या खर्चाचा मोठा वाटा वस्तुतः सरकारने उचलावयास हवा, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु तेवढ्याने मालकाची सुटका होत नाही, हेही त्यांनी दाखवून दिले. मालक स्त्रियांना कामावर ठेवतो तो आपला फायदा पाहूनच; आणि ज्याला फायदा मिळतो त्याने काही भार सोसणे न्यायाचेच आहे. बिल पुढे मंजूर झाले आणि १९२९ चा मुंबई इलाख्याचा प्रसूतिसाहाय्य कायदा हा हिंदुस्थानातील या प्रकारचा पहिला कायदा ठरला. मात्र त्यात पैसे देण्याची जबाबदारी एकट्या मालकावर टाकलेली होती. सरकारचा वाटा त्यात आला नाही.

पाळणाघराच्या बाबतीतही पुढील कायद्यांनी हीच वाट धरली. १९३४ च्या कारखान्यांच्या कायद्यान्वये, पन्नासांहून अधिक स्त्रिया कामास असतील अशा कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांकरिता खोली राखून ठेवण्याचे नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस मिळाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने अशा कारखान्यांत पाळणाघर सक्तीचे केले. मुलांना दूध किंवा खाऊ फुकट देण्याचे आणि लहान मुलांना पाजण्यासाठी आईस अधूनमधून सोडण्याचे नियम करण्याची तरतूदही त्यात होती. १९७६ साली पन्नासांची मर्यादा तिसांवर आणण्यात आली. हेतू उत्तम होता. परंतु या तरतुदीच्या पोटातच तिच्या अपयशाचे बीज होते.

ते बीज असे की, पाळणाघराचे बंधन स्त्रियांच्या संख्येवर अवलंबून ठेवलेले होते. तिसाहून अधिक स्त्रिया असल्या तर पाळणाघर. तीसच असल्या तर नाही. मालक हा धर्मादाय करावयास बसलेला नसतो. एकतिसावी स्त्री कामावर घेतली की इमारत, पाळणे, दूध आणि सांभाळणाऱ्या बायकांचा पगार असा सगळा खर्च आपल्या अंगावर येतो, हे दिसू लागल्यावर तिसावर थांबण्याचा मोह त्याला झाला, तर त्यात नवल नाही. जो कायदा आईच्या सोईसाठी केला, तोच तिच्या वाटेत आडवा पडावा, असा हा प्रकार झाला.

हा धोका जगाच्या ध्यानी लौकर आला होता. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या १९१९ च्या प्रसूतिविषयक करारातच साहाय्याचे पैसे सार्वजनिक तिजोरीतून किंवा विम्याच्या पद्धतीने द्यावेत, असे म्हटले होते. १९५२ च्या सुधारलेल्या करारात तर, आपल्याकडील स्त्रियांच्या साहाय्याचा खर्च कोणत्याही मालकावर व्यक्तिशः पडता कामा नये, असे स्पष्ट कलम घातले गेले. मालकावर दया येऊन हे कलम घातले होते असे नव्हे. खर्च एकट्या मालकावर पडला की तो अखेर स्त्रीच्या नोकरीवर येतो, हा अनुभव त्याच्या मुळाशी होता.

एका काल्पनिक उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. समजा, एखाद्या औद्योगिक वसाहतीत लहानमोठे दहा कारखाने आहेत. त्या सर्वांत मिळून ४०० कामगार असून त्यांपैकी ८० स्त्रिया आहेत. वीस मुलांचे एक पाळणाघर चालविण्यास महिना ६०,००० रुपये लागतात, असे धरू. हा सगळा खर्च मालकांनी आपापल्याकडील स्त्रियांच्या संख्येप्रमाणे द्यावयाचा ठरला, तर दर स्त्रीमागे ७५० रुपये पडतील. याचा अर्थ असा की, पुरुषाऐवजी स्त्री कामावर घेणाऱ्या मालकाला दरमहा ७५० रुपयांचा भुर्दंड बसेल. आता तोच खर्च तिघांत सारखा वाटला, तर मालकांकडे २०,००० रुपये येतील. आणि ते स्त्रियांच्या संख्येवर न बसविता एकंदर ४०० कामगारांवर बसविले, तर दर कामगारामागे केवळ ५० रुपये पडतील. शिवाय स्त्री घेतली काय आणि पुरुष घेतला काय, मालकाचा आकडा तोच राहील. मग स्त्रीला दारातून परत पाठविण्याचे त्यास काही कारण उरत नाही. पाळणाघर तेच, मुले तीच आणि दूधही तेच. फरक पडला तो खर्चाच्या वाटणीत.

अशी वाटणी आपल्या देशाला अपरिचित आहे असे नाही. १९४८ च्या राज्य विमा कायद्याने आजारपण आणि बाळंतपण यांच्या बाबतीत हेच तत्त्व स्वीकारले. मालक आणि कामगार या दोघांनी वेतनाच्या प्रमाणात वर्गणी एका सामाईक निधीत भरावयाची आणि आजारी पडणाऱ्यास किंवा बाळंतिणीस त्या निधीतून पैसे मिळावयाचे, अशी ही योजना आहे. जुलै २०१९ पासून मालकाची वर्गणी वेतनाच्या सव्वातीन टक्के आणि कामगाराची पाऊण टक्का करण्यात आली. वैद्यकीय खर्चाचा आठवा हिस्सा राज्य सरकारांकडे ठेवलेला आहे. म्हणजे कामगार, मालक आणि सरकार हे तिन्ही वाटेकरी येथे आहेत. वर्गणी पुरुष कामगाराच्या वेतनावरही त्याच दराने बसते, ही यातील मर्माची गोष्ट होय. आईचे बाळंतपण अशा सामाईक निधीतून होऊ शकते, तर बाळंतपणानंतरच्या पाच वर्षांचा सांभाळ का होऊ नये, हा प्रश्न साहजिकच मनात येतो.

बांधकामाच्या धंद्यातही एक शिकण्यासारखे उदाहरण सापडते. १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी दोन कायदे झाले. एकात पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या बांधकामावर पाळणाघराची सक्ती होती, म्हणजे तोच जुना दोष. दुसऱ्याने मात्र बांधकामाच्या एकूण खर्चावर उपकर बसविला. त्याचा दर एक टक्का ठरला आणि ती रक्कम कामगारांच्या कल्याणमंडळाकडे जाऊ लागली. इमारतीवर किती स्त्रिया पाट्या वाहतात याच्याशी उपकराचा संबंध नव्हता. एकाच वर्षीच्या या दोन कायद्यांत खर्च बसविण्याच्या दोन रीती शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. याही आधी, १९६९ साली, मीरा महादेवन यांनी दिल्लीत राजघाटाजवळ गांधी शताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालू असता तेथील मजुरांच्या मुलांसाठी तंबूत पाळणाघर उघडले. त्यातूनच ‘मोबाईल क्रेश’ ही संस्था उभी राहिली आणि तिचे काम पुढे मुंबईतही सुरू झाले. बांधकाम जेथे जाईल तेथे पाळणाघर जाते. बांधकाम करणाऱ्याकडून जागा, पाणी, वीज आणि काही पैसा घ्यावयाचा व उरलेला देणग्यांतून उभारावयाचा, असा त्या कामाचा शिरस्ता राहिला.

परदेशांकडे पाहिले तर अमेरिकेतील मिशिगन राज्याचा प्रयोग आपल्या विषयाला अगदी जुळतो. २०२१ साली सुरू झालेल्या या योजनेत मुलाच्या सांभाळाच्या खर्चाचे सरळ तीन सारखे भाग करतात. एक भाग नोकरी करणाऱ्या पालकाने द्यावयाचा, दुसरा त्याच्या मालकाने आणि तिसरा राज्य सरकारने. अगदी गरिबांसाठी असलेल्या सरकारी मदतीत जे बसत नाहीत, पण ज्यांना पूर्ण खर्चही झेपत नाही, अशा मधल्या उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी ती आहे. तिघांकडून पैसे गोळा करून पाळणाघराकडे पोचविण्यासाठी प्रत्येक विभागात एक मध्यस्थ संस्था नेमलेली असते. हिशेब सोपा आणि सर्वांना कळण्यासारखा, हा या योजनेचा गुण. उणीव अशी की, मालकाने त्यात सामील व्हावे की नाही हे त्याच्या मर्जीवर आहे. तो सामील न झाला तर त्याच्याकडील पालकांना ही सोय मिळत नाही.

आपल्याकडे सरकारचा वाटा निराळ्या मार्गाने आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील अंगणवाड्या आज गावोगाव आहेत. अंगणवाडीची कल्पना ज्यांनी आदिवासी मुलांमध्ये राबविली, त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे बोर्डी व कोसबाड येथील कार्य महाराष्ट्राला ठाऊकच आहे. परंतु अंगणवाडी दिवसातून काही तासच भरते. सकाळी आठला गेलेली आई संध्याकाळी सहाला परतते, तोवर तिचे मूल अंगणवाडीत राहू शकत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी सरकारने पाळणाघरांच्या स्वतंत्र योजना काढल्या. २०१७ च्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत केंद्राने ६०, राज्याने ३० आणि चालविणाऱ्या संस्थेने १० टक्के खर्च सोसावा, अशी साधारण वाटणी होती. पालकांकडूनही ऐपतीप्रमाणे शुल्क घेत. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास महिना २० रुपये, त्याहून बऱ्या स्थितीतील कुटुंबास १०० आणि १२,००० रुपयांहून अधिक मासिक उत्पन्न असलेल्यास २०० रुपये. २०२२ पासून ही योजना ‘पाळणा’ या नावाने चालू झाली आणि अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याचे धोरण आले. या योजनांत सरकार आणि पालक हे दोन वाटेकरी दिसतात. मालक मात्र दिसत नाही. उलट कारखान्यांच्या कायद्यात मालकच दिसतो, सरकार दिसत नाही. तिघे एका पंक्तीला असे क्वचितच बसलेले आढळतात.

कायद्याचे पाऊल मात्र पुढे पडले आहे. २०१७ साली प्रसूतिसाहाय्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन पाळणाघराचे बंधन केवळ स्त्रियांच्या संख्येवर न ठेवता पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या प्रत्येक आस्थापनेवर घालण्यात आले. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा मिळाली. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने हीच तरतूद कायम ठेवली. शिवाय अनेक आस्थापनांनी आपली साधने एकत्र करून सामाईक पाळणाघर काढावे, अथवा सरकारच्या, नगरपालिकेच्या किंवा एखाद्या संस्थेच्या पाळणाघराचा उपयोग करावा, यासही मोकळीक दिली. स्त्रियांची मोजणी गेली, ही मोठीच सुधारणा झाली. तथापि पैशाची जबाबदारी अजून आस्थापनेवरच आहे आणि पन्नासांहून कमी नोकर असलेल्या असंख्य लहान दुकानांना व कारखान्यांना हे बंधन लागत नाही.

याहून बिकट प्रश्न ज्यांचा मालकच सहजासहजी सापडत नाही त्यांचा आहे. घरी बसून विड्या वळणारी, चार घरची धुणीभांडी करणारी, किंवा मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारी स्त्री यांचा मालक कोण? ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. उचल मुकादम देतो, ऊस शेतकऱ्याचा असतो आणि गाळप कारखाना करतो. तान्हे मूल फडाच्या कडेला पाचटावर निजलेले असते, पण त्याची जबाबदारी तिघांपैकी कोणीच आपली मानीत नाही. अशा ठिकाणी मालाच्या किंवा कामाच्या परिमाणावर पट्टी बसविणे हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. महाराष्ट्र सरकारने ऊसतोड कामगारांच्या कल्याणमहामंडळासाठी गाळपाच्या दर टनामागे कारखान्यांकडून दहा रुपये घेण्याचा आणि तेवढीच रक्कम आपण घालण्याचा निर्णय केला, तो याच धोरणाचा. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी वसतिगृहे काढण्याचेही ठरले. फडावरच्या तान्ह्या मुलाला मात्र वसतिगृहाचा उपयोग नाही. त्याला तेथेच पाळणा हवा. तो देता येतो, हे २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यातील एका तरतुदीवरून दिसते. कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले आली, तर मजूर स्त्रियांपैकीच एकीला मुले सांभाळण्यास नेमून तिला मजुरीच्या दराने पैसे द्यावेत, असे त्यात होते. मूल सांभाळणे हेही काम आहे आणि त्याला मजुरी आहे, एवढे त्या तरतुदीने मान्य केले होते.

येथेच चौथ्या वाटेकऱ्याचा विचार येतो. आईबाप, मालक आणि सरकार यांच्या वाटणीत जे कमी पडते, ते हा चौथा वाटेकरी भरून काढतो आणि त्याला कोणी विचारीत नाही. हा वाटेकरी पुष्कळदा घरातील थोरली मुलगी असते. शाळेच्या हजेरीपटावर नाव असलेली दहा-अकरा वर्षांची मुलगी आठवड्यातून चार दिवस गैरहजर राहते, आणि चौकशी केली तर ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन दारात उभी असलेली सापडते, हा प्रकार प्राथमिक शाळांना नवा नाही. मागे पडलेली पुस्तके पुढे हातात येत नाहीत आणि तिची शाळा सुटते. आईची रोजंदारी वाचली, पण तिची किंमत मुलीच्या शिक्षणाने दिली. कित्येक घरांत हा भार थकलेल्या आजीवर पडतो. आणि जेथे पाळणाघर आहे तेथेही काटकसरीची कात्री प्रथम चालते ती मुले सांभाळणाऱ्या बाईच्या पगारावर. तिला वेतन न म्हणता मानधन म्हणावयाचे आणि ते तुटपुंजे द्यावयाचे, ही रीत पडून गेली आहे. एका स्त्रीला कामावर जाता यावे म्हणून दुसऱ्या स्त्रीने अर्धपोटी राबावे, ही वाटणी न्यायाची म्हणता येणार नाही.

या सर्व विवेचनावरून वाटणीची काही सूत्रे निघतात. मालकाचा वाटा एकंदर कामगारांच्या संख्येवर, वेतनावर किंवा मालाच्या परिमाणावर बसवावा. स्त्रियांच्या संख्येवर कदापि बसवू नये. तो वाटा सामाईक निधीत जावा, म्हणजे पाच कामगारांचा कारखानदारही आपल्या शक्तीप्रमाणे त्यात येईल आणि त्याच्या कामगाराच्या मुलासही पाळणा मिळेल. पालकांचा वाटा उत्पन्नाप्रमाणे असावा. तो अगदी अल्प असला तरी असावा, कारण पैसे देणारा पालक हक्काने विचारपूस करतो. सरकारने जागा, तपासणी आणि गरिबांच्या वाट्याची भरपाई आपल्याकडे घ्यावी. मुले सांभाळणाऱ्या बाईचा योग्य पगार हा हिशेबातील पहिला आकडा असावा, उरलेल्या पैशांतून द्यावयाचा शेवटचा नव्हे. आणि पाळणाघर हे कामकरी आईचे नसून कामकरी आईबापांचे आहे, हे बापानेही ओळखावे. मुलाला सकाळी पोचविणे आणि संध्याकाळी आणणे हे कामही वाटून घेण्यासारखेच आहे.

यासाठी प्रत्येक वेळी नव्या कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. सामाईक पाळणाघराला कायद्याने मुभा दिलेलीच आहे. औद्योगिक वसाहतीतील कारखानदारांच्या संघाने दर कामगारामागे ठरावीक वर्गणी काढावी, नगरपालिकेने एखादी रिकामी इमारत द्यावी, आणि एखाद्या महिलामंडळाने किंवा सहकारी संस्थेने ते चालवावयास घ्यावे, इतके एका गावातही जमण्यासारखे आहे. जेथे हे जमेल तेथे त्याचा परिणाम पाहावयास पाळणाघरात जाण्याची गरज नाही. जवळच्या प्राथमिक शाळेच्या हजेरीपटावर, मुलींच्या नावांपुढे, तो दिसून येईल.